मरीन टाकीतले बिनबोलावलेले पाहुणे: दगड घरी आल्यापासून टाकीत जाईपर्यंतचा क्रम

"दादा, दगडातून कायतरी लांबडं बाहेर आलंय. काय टाकू?" मरीन म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांच्या फोनवर असा मेसेज बहुधा रात्री उशिरा येतो. टाकीचे दिवे तेव्हा बंद झालेले असतात आणि दगडाच्या भोकांतली मंडळी तेव्हाच फिरायला निघते. या प्रश्नातली चूक शेवटच्या दोन शब्दांत आहे. जीव कोणता हे माहीत नसताना "काय टाकू" विचारलं जातं, कुणीतरी काहीतरी सांगतं, आणि सकाळी तो लांबडा जीव जागच्या जागी असतो. मेलेल्या असतात त्या विकत आणलेल्या कोळंब्या आणि गोगलगाई.

लाइव्ह रॉक (जिवाणू आणि बारीक जिवांनी भरलेला समुद्रातला दगड), प्रवाळाचा तुकडा, शेवाळाचा गुच्छ, गोगलगाईचा शंख, यांतल्या कशावरूनही असे जीव घरात येतात. हौशी मंडळी त्यांना हिचहायकर म्हणतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात आणि बरेचसे तर टाकीची साफसफाई करणारे असतात. खोडी काढणारे मोजकेच. पण तेवढ्यांना गाठायचं तर दगड मुख्य टाकीत जाण्याआधीच गाठावं लागतं. एकदा दगडांची रचना झाली की तेच काम दसपट होतं.

१. पेटी येण्याआधी

आपल्याकडं कोल्हापुरात लाइव्ह रॉक मुंबईहून मागवला तर थर्माकोलची पेटी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघते आणि सकाळी कावळा नाक्यावर उतरते. म्हणजे नेमकी ऑफिसला निघायच्या वेळी. "आत्ता टाकीत सोडतो, संध्याकाळी बघू" हा निर्णय तिथंच होतो आणि पुढची सगळी कटकट त्यातून निघते. पेटी सुट्टीच्या दिवशी उतरेल अशी मागवा. पुढचे तीन-चार तास हातात नसतील तर मागवूच नका.

आदल्या दिवशी खारं पाणी तयार करा. दहा किलो दगडासाठी पन्नास-साठ लिटर तरी हवं. महापालिकेच्या नळाचं पाणी चालत नाही, आणि घरच्या पिण्याच्या आरओचंही बहुतेक वेळा चालत नाही. त्या मशिनला टीडीएस कंट्रोलर असतो, चव राहावी म्हणून तो थोडे क्षार मुद्दाम सोडतो. टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं पाणी घ्या, मरीन सॉल्ट घाला, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून रात्रभर फिरू द्या. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्रावर, १.०२५ आणि तापमान २५ ते २६ अंश.

बाकीचं सामान असं:

- दोन पांढऱ्या बादल्या आणि एक मोठा टब. पांढऱ्याच घ्या, निळ्या-हिरव्या बादलीच्या तळाशी पडलेला खेकडा दिसत नाही.
- टबासाठी हीटर, पॉवरहेड, थर्मामीटर आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप. पावसाळ्यात वीज गेली की कामाला येतो.
- अमोनिया आणि नायट्राइटची टेस्ट किट.
- लांब चिमटा, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांवर लावायचा प्लास्टिकचा चष्मा.
- मेडिकलमधून १, ३ आणि १० मिलीच्या सिरिंज, सुयांसकट.
- प्यायचा साधा सोडा, बाटलीतला. लिंबू-मसाला घातलेला नको.
- भिंग, जुना टूथब्रश, जेल स्वरूपातला सुपरग्लू.
- लाल काचेचा टॉर्च, नाहीतर साध्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागद. बहुतेक कवचधारी जिवांना लाल उजेड फारसा कळत नाही, ते आपलं काम करत राहतात.
- झाकणाला भोकं पाडलेली काचेची बरणी. सापडेल तो संशयित आधी हिच्यात जातो.

इशारा: पाणी ओतायला तांब्या-पितळेचं भांडं वापरू नका. तांब्याचा अगदी थोडा अंशही कोळंबी, खेकडे, गोगलगाई आणि प्रवाळ यांना मारतो. तांबं असलेलं माशांचं औषध तर दगड असलेल्या पाण्यात कधीच नको. दगड ते शोषून घेतो आणि नंतर हळूहळू सोडत राहतो.

२. पेटी उघडताना

दगड बहुधा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले येतात. लोक कागद सोडवून फेकतात आणि दगडाकडं वळतात. उलट करा. आधी पेटीचा तळ बघा, मग कागदाच्या घड्या. रात्रभराच्या प्रवासात पाणी कमी झालं की खेकडे, अळ्या, कधी कधी मॅन्टिस श्रिम्पसुद्धा (जोरदार फटका मारणारा, कोळंबीसारखा शिकारी जीव) दगड सोडून कागदात येऊन बसतात. ही फुकटात झालेली सुटका असते, ती कचऱ्याच्या डब्यात जायच्या आधी बघून घ्या, म्हणजे दगडात आणखी कोण असेल याचा अंदाज येतो.

पिशवीतलं किंवा पेटीतलं पाणी टाकीत जाता कामा नये. ते मोरीत.

इशारा: हातमोजे आणि चष्मा आत्ताच चढवा, नंतर नव्हे. ब्रिसल वर्म या केसाळ अळीचे केस कातडीत मोडतात आणि दोन दिवस चुणचुणतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे बटणासारख्या चकत्यांचे, प्रवाळांच्या नात्यातले झोअँथिड आणि पॅलिथोआ. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. असे बटण असलेला दगड कोरडा घासायचा नाही, त्यावर गरम पाणी ओतायचं नाही, आणि दगड उकळायचा तर कुठलाच नाही. उकळताना विष वाफेबरोबर उडतं आणि घरातल्या सगळ्यांना श्वासावाटे बाधतं. "उकळून घे, निर्जंतुक होईल" हा सल्ला दूधवाल्या पातेल्यासाठी ठीक आहे. जखमेत किंवा डोळ्यात गेलं असं वाटलं, किंवा काम केल्यावर धाप, ताप, तोंडात धातूसारखी चव असं काही जाणवलं, तर भरपूर पाण्यानं धुऊन थेट दवाखान्यात जा आणि विषाचं नाव सांगा. डॉक्टरांना ते नाव रोज ऐकायला मिळत नाही.

३. बादलीवरची झाडाझडती

एकेक दगड घ्या. सगळे एकदम बादलीत कोंबले तर कोण कुठून आलं हे कळत नाही.

अ) पहिल्या बादलीत खारं पाणी. दगड त्यात बुडवून जोरात हलवा, उलटा करा, पुन्हा हलवा. चिखल, मेलेला स्पंज, सैल शेवाळ निघेल. कुजका वास येणारा मऊ पांढरट भाग चिमट्यानं काढून टाका.

आ) दुसरी बादली रिकामी. तिच्यावर प्लास्टिकची जाळी ठेवा, जाळीवर दगड. पाच-दहा मिनिटं तसाच राहू द्या. पाणी निथळायला लागलं की भोकांतले खेकडे अस्वस्थ होऊन खाली उतरतात आणि बादलीत टपकन पडतात. ओला दगड एवढ्या वेळात मरत नाही.

इ) मोठ्या भोकांत भिंग आणि टॉर्च घेऊन बघा. भोकाच्या कडा गुळगुळीत असतील, समोर शिंपल्याचे ताजे तुकडे पडले असतील, तर आत भाडेकरू आहे. सिरिंजनं भोकात सोडा मारा. सोड्यातला कार्बन डायऑक्साइड त्याला आत टिकू देत नाही.

राजारामपुरीतल्या एका मित्राच्या गच्चीवर हे बघायला मिळालं. सोडा गेला, भोकातून फेस आला, आणि क्षणभर काहीच नाही. मग दांड्यांवरचे दोन डोळे बाहेर आले, एक डावीकडं वळलेला, दुसरा सरळ आमच्याकडं रोखलेला. पाठोपाठ करंगळीएवढं हिरवट अंग वाकून बाहेर घसरलं आणि बादलीच्या तळाला टक् असा आवाज आला. पडण्याचा नव्हे, त्यानं बादलीला मारल्याचा. मॅन्टिस श्रिम्पच्या मोठ्या जातींपैकी मोरपंखी मॅन्टिसचा फटका सेकंदाला सुमारे २३ मीटर वेगानं बसतो असं मोजलेलं आहे. दगडातून येणारे बहुतेक छोटे असतात, तरी बोट फाडायला ते पुरतात. त्याला हातानं उचलायला जाऊ नका, बादली बरणीत रिती करा.

ई) दगडावर प्रवाळ नसेल आणि संशय दाट असेल तर जास्त खाऱ्या पाण्याची एक डुबकी द्या: १.०३५ च्या आसपास, एखादा मिनिट, हलवत. कवचवाले पळ काढतात.

इशारा: गोड्या पाण्याची डुबकी देऊ नका आणि नळाखाली तर धरूच नका. ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. खोडकर जीव खोल भोकात सुरक्षित राहतो. मरतात ते दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू, स्पंज आणि बारीक किडे, ज्यांच्यासाठी तुम्ही लाइव्ह रॉकचे पैसे मोजलेले असतात. ते कुजून अमोनिया वाढतो तो वेगळाच.

४. अंधारातला टब

आता दगड मुख्य टाकीत नव्हे, टबात. २५-२६ अंश, पॉवरहेडचा चांगला प्रवाह, दिवा नाही. टब घरातच ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर किंवा पत्र्याखाली टबातलं पाणी दुपारपर्यंत तिशी ओलांडतं आणि पाहुण्यांच्या आधी दगडच मरतो.

पहिल्या दिवसांत अमोनिया चढतो. तो १ पीपीएमच्या पुढं गेला की तिसरा हिस्सा ते अर्धं पाणी बदला. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथंच टिकले की दगड मुरला. प्रवासात दगड किती सुकला त्यावर हे अवलंबून असतं, पण चार ते सहा आठवडे धरून चाला. वास हीसुद्धा चाचणी आहे. मुरलेल्या दगडाला समुद्राचा वास येतो, न मुरलेल्याला मासळीबाजार बंद झाल्यानंतरचा.

या आठवड्यांत दर दोन-तीन रात्रींनी लाल टॉर्च घेऊन टबाजवळ पंधरा मिनिटं बसा. अमोनिया शून्यावर आल्यावर वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा दोऱ्याला बांधून दगडाशेजारी सोडा आणि कोण येतं ते बघा. तासाभरानं तुकडा काढून घ्या. या एका सवयीनं जेवढं कळतं तेवढं दिवसभर काचेला नाक लावूनही कळत नाही.

तपासा: टबातून टक्, टक् असा आवाज येतोय का? आला म्हणजे मॅन्टिसच, असं नाही. हीटरच्या थर्मोस्टॅटचा आणि पॉवरहेडच्या सैल पंख्याचाही तसाच आवाज येतो. आधी दोन्ही मिनिटभर बंद करून ऐका. तरीही आवाज आला तर तो पिस्तूल कोळंबीचाही असू शकतो. तिला एकच नांगी प्रचंड मोठी असते, आणि ती बहुधा निरुपद्रवी असते. काही जाती तर गोबी माशाबरोबर एकाच बिळात राहतात.

५. ओळख पटवा, मग ठरवा

फोटो काढा. वरून नको, बाजूनं, शेजारी पेन्सिल किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. पाय किती, नांग्यांची टोकं कशी, डोळे किती मोठे, डोक्यावर मिशा किती, हे लिहून ठेवा. मग खालच्या तीन गटांत कुठं बसतो ते बघा.

*राहू द्या.* काचेवर फिरणारे पांढरे ठिपके म्हणजे कोपेपॉड. दगडाच्या सांदीत उड्या मारणारे वाकडे किडे म्हणजे अँफिपॉड. दोन्ही माशांचं खाद्य आहेत. भोकातून केसाएवढे सडपातळ हात बाहेर काढणारे बारीक ब्रिटल स्टार, मातीवर पांढरे दोरे पसरणारा स्पॅगेटी वर्म, पंख्यासारखा मुकुट असलेला फेदर डस्टर, चपट्या कवचाचा कायटन, कानासारख्या छोट्या शिंपल्याची वेगानं पळणारी स्टोमाटेला, संपच्या (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीच्या) भिंतीवर चिकटलेल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या गोल नळ्या. हे सगळे कामाचे किंवा बिनत्रासाचे. गुलाबी अंगाचा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुबके असलेला ब्रिसल वर्मसुद्धा याच गटात येतो. त्याला बघून सगळ्यात जास्त किंचाळ्या फुटतात, आणि तो करतो काय, तर उरलेलं अन्न आणि मेलेलं खातो. मेलेल्या माशावर तो दिसला म्हणून खून त्यानं केला असं ठरत नाही. त्यांची संख्या फार वाढली असेल तर तुम्ही जास्त खायला घालताय.

फांद्यांच्या प्रवाळात बसलेला चकचकीत, छोटा ट्रॅपेझिया खेकडा दिसला तर त्यालाही हात लावू नका. तो त्या प्रवाळाचा राखणदार असतो. समुद्रात काट्याळ तारामाशावरही तो चाल करून जातो.

*नजर ठेवा.* नखाएवढे, वेडेवाकडे पाय असलेले अ‍ॅस्टरिना तारामासे. बहुतेक शेवाळ खातात, काही झोअँथिड कुरतडतात. झोअँथिडवर रोज बसलेले दिसले आणि बटणं मिटलेली राहिली, तर काढा. अनोळखी छोटा खेकडाही इथंच. त्याच्या नांग्यांची टोकं भिंगातून बघा. चमच्यासारखी बोथट, पांढरट असतील तर बहुधा शेवाळ खाणारा. टोकदार, काळी आणि अंग केसाळ असेल तर पुढच्या गटात.

*काढा.* मॅन्टिस श्रिम्प. काळ्या टोकांचे केसाळ खेकडे. एप्टेशिया आणि मजानो, हे दगडाला चिकटून भराभर वाढणारे उपद्रवी समुद्रफूल (अ‍ॅनिमोन). युनिसिड अळी: अंगावर तेलाच्या तवंगासारखी चमक आणि डोक्यावर पाच मिशा, ब्रिसल वर्मसारखे पांढरे झुबके नाहीत. व्हर्मेटिड गोगलगाय: दगडाला चिकटलेली टोकदार नळी, जी चिकट जाळं सोडते आणि शेजारच्या प्रवाळाला त्रास देते. गंजासारख्या रंगाचे, शेपटीकडं तीन टोकं असलेले चपटे फ्लॅटवर्म. आणि मोठ्या डोळ्यांचा, वेगानं पोहणारा सिरोलॅनिड आयसोपॉड, जो माशाला चिकटून रक्त पितो. आयसोपॉड बघितला की घाबरू नका, हातात घेतल्यावर तो गोळीसारखा गुंडाळला गेला आणि डोळे छोटे असले तर तो निरुपद्रवी जातीचा.

तपासा: तुम्ही ज्याला एप्टेशिया म्हणताय तो फेदर डस्टर नाही ना? स्पर्श करून बघा. दोन्ही झटकन आत जातात. पण फेदर डस्टर मागं नळी सोडतो आणि त्याचा मुकुट पिसांसारखा फाटे फुटलेला असतो. एप्टेशियाचे हात साधे, लांब, टोकाकडं निमुळते, आणि देठ काचेसारखा तपकिरी. मजानोचे हात आखूड, टोकं फुगीर.

६. हटवण्याच्या पद्धती

*एप्टेशिया.* इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सविस्तर. पहिली चूक चिमट्यानं उपटण्याची. दगडावर राहिलेल्या पायाच्या कणाकणातून नवा जीव उगवतो. एकाचे दहा होतात. दुसरी चूक अंधारात ठेवून मरेल अशी आशा धरण्याची. तो आतल्या शेवाळावर जगतो हे खरं, पण पाण्यातलं अन्न पकडूनही तग धरतो.

दगड टबात असेल तर काम सोपं आहे. दगड पाण्याबाहेर काढा, जीव आत गेलेलं भोक वाळवा आणि सुपरग्लू जेलनं बुजवा. नाहीतर तेवढा तुकडाच छिन्नीनं उडवा.

मुख्य टाकीत असेल तर चुन्याचा लगदा. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या, पानपट्टीवरचा चुना नको. त्यात आणखी काय मिसळलंय ते कळत नाही. शून्य टीडीएसच्या पाण्यात टूथपेस्टइतकं दाट कालवा. हातमोजे हवेतच, चुना कातडी भाजतो. क्रम असा:

१) सगळे पंप बंद, पाणी पूर्ण शांत.
२) सुई जिवाला न लावता तोंडाच्या अगदी वर आणा. धक्का लागला तर तो आत जाईल. मग दहा मिनिटं थांबा.
३) अर्धा ते एक मिली लगदा सावकाश सोडा, पूर्ण झाकेपर्यंत.
४) पंधरा-वीस मिनिटं पंप बंदच ठेवा.
५) वरचा लगदा सायफननं ओढून घ्या, मग पंप चालू.

एका वेळी चार-पाचच. चुन्यानं पीएच उसळतो, तो ८.५ च्या वर जाऊ द्यायचा नाही. "एका दमात सगळे संपवतो" म्हणणाऱ्याची टाकी दुसऱ्या दिवशी पांढरी फट्ट असते.

पेपरमिंट कोळंबी छोटे एप्टेशिया खाते, पण दुकानात तिच्या नावावर कॅमल कोळंबी गळ्यात मारली जाते. पेपरमिंट अर्धपारदर्शक, उभ्या लाल रेघांची. कॅमलच्या पाठीला कुबड आणि लाल रेघांमध्ये ठळक पांढरे पट्टे-ठिपके. ती प्रवाळ कुरतडते. बर्गिया नावाची समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशियाच खाते, ते संपले की उपाशी मरते. कॉपरबँड मासा एप्टेशियासाठी म्हणून आणू नका. तो मोठी टाकी मागतो, आणि आणल्यावर बऱ्याचदा खातच नाही.

*खेकडा आणि मॅन्टिस.* दगड काढता येत असेल तर तिसऱ्या टप्प्यातला सोडा. नसेल तर सापळा. खेकड्यासाठी गुळगुळीत काचेचा ग्लास दगडाला तिरका टेकवा, आत कोळंबीचा तुकडा. तो उतरतो आणि परत चढता येत नाही. मॅन्टिससाठी प्लास्टिकच्या बाटलीचा गळा कापून उलटा आत बसवा, आमिष तळाशी. सापळा दिवे बंद झाल्यावर लावा आणि पहाटे, दिवे लागायच्या आत उचला. दोन-तीन रात्री काहीच आलं नाही तर आमिष बदला, जागा बदला, आणि त्या दिवसांत टाकीत खायला कमी घाला. पोट भरलेला जीव सापळ्याकडं ढुंकूनही बघत नाही.

*युनिसिड.* ओढू नका. तुटला की मागचा भाग आतच राहतो. आमिषाचा सापळा लावा किंवा दगड टबात हलवून सोडा मारा.

*व्हर्मेटिड.* नळीच्या तोंडावर सुपरग्लू जेलचा थेंब. कंटाळवाणं काम आहे, दुसरा जवळचा रस्ता नाही. नळी नुसती मोडली तर ती पुन्हा बांधते.

*फ्लॅटवर्म.* आधी बारीक नळीनं जमतील तेवढे ओढून काढा, निदान दोन-तीन दिवस. मगच औषध. मरताना ते विष सोडतात. हजारो एकदम मेले तर मासेही जातात. म्हणून औषधाआधी पाणी गाळायचा ताजा सक्रिय कार्बन आणि बदलायचं पाणी तयार हवं. औषध टाकल्यावर पाणी मिसळायला बसणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं.

*सिरोलॅनिड.* याला औषध नाही. मासे दुसऱ्या टाकीत हलवा आणि ही टाकी निदान तीन महिने माशांविना ठेवा.

इशारा: ब्रिसल वर्मचे केस टोचले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, मग व्हिनेगर लावा. सूज चढत गेली तर डॉक्टर.

७. प्रवाळाच्या तुकड्यांसाठी वेगळं

दगडाचे नियम प्रवाळाला लावू नका. सोडा, जास्त खारं पाणी, चुना यांतलं काही नाही. प्रवाळासाठी तयार मिळणारं डिप (तुकडा बुडवून किडे मारायचं द्रावण) घ्या आणि प्रमाण व वेळ लेबलवरचीच पाळा. टाकीचंच पाणी एका डब्यात, त्यात डिप, त्यात तुकडा. सिरिंजनं पाण्याचे झोत मारत राहा म्हणजे चिकटलेले किडे सुटतील. मग स्वच्छ खाऱ्या पाण्यात दोनदा धुवा. डिपचं पाणी टाकीत परत नाही.

आता महत्त्वाचं. डिपनं किडे मरतात, अंडी मरत नाहीत. तुकड्याच्या देठावर, प्लगच्या (तुकडा ज्यावर चिकटवलेला असतो त्या छोट्या बुडख्याच्या) खालच्या बाजूला पांढरट चकत्या किंवा वळसे दिसले तर ब्लेडनं खरवडा. शक्य असेल तर जुना प्लग कापून टाका आणि तुकडा नव्यावर चिकटवा. सात दिवसांनी पुन्हा डिप, त्यानंतर सात दिवसांनी पुन्हा, आणि तोवर तुकडा वेगळ्या टाकीत, इथं मात्र दिव्याखाली. "डिप केलंय" असं विकणारा सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण त्याच्या आणि तुमच्या टाकीच्या मधल्या दिवसांत अंडी फुटतात.

कायद्याची गोष्टही इथंच. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. प्रवाळाच्या आयातीची कागदपत्रं विकणाऱ्याकडं मागा, देत नसेल तर घेऊ नका. आणि गगनबावड्यावरून सुट्टीला खाली उतरलात म्हणून मालवणच्या किनाऱ्यावरचा दगड डिकीत घालून आणायचा नाही. तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

८. मुख्य टाकीत गेल्यावर

टबातले दगड एकदम हलवू नका. दोन-तीन आज, बाकीचे आठवड्यानं. काही गडबड झाली तर कुठल्या दगडातून झाली हे कळतं. आणि दगड रचताना तळाचे सिमेंटनं किंवा इपॉक्सीनं पक्के करा, वरचे मोकळे ठेवा, म्हणजे गरज पडली तर उचलता येतील.

पहिला महिना रात्रीची फेरी चालू ठेवा. काय दिसलं तर काय समजायचं:

- गोगलगाईचं कवच फुटलेलं, कडा ताज्या: मॅन्टिस किंवा मोठा खेकडा.
- कवच शाबूत, आतून रिकामं: गोगलगाय आपोआपही मरू शकते. लगेच सापळा लावत बसू नका, आधी अमोनिया आणि खारटपणा मोजा.
- मासा रात्रीत गायब, अवशेष नाहीत: झाकण आणि जमीन आधी बघा. उडी मारून मेलेले मासे सोफ्यामागं सापडतात.
- प्रवाळ एका बाजूनंच मिटलेला: त्या बाजूच्या दगडावर व्हर्मेटिडचं जाळं किंवा एप्टेशिया शोधा.
- हिरवे चकचकीत फुगे: बबल शेवाळ. टाकीत फोडू नका. दगड बाहेर काढून सोडवा, किंवा तळाशी नळी धरून ओढून घ्या.

काढलेल्या जिवांचं काय? मॅन्टिस आणि मोठा खेकडा वेगळ्या छोट्या टाकीत एकटे छान जगतात, आणि मुलांना मुख्य टाकीपेक्षा तेच जास्त आवडतात. ठेवायचं नसेल तर हौशी मंडळींत विचारा, कुणीतरी नेतं. पुढच्या वेळी कोकणात गेल्यावर समुद्रात सोडू, हा विचार मात्र करू नका. तो जीव कुठल्या समुद्रातला आहे आणि त्याच्याबरोबर कुठले रोग जातायत हे आपल्याला माहीत नसतं.

टब रिकामा झाला की त्यातलं पाणी ब्लीच घालून तासभर ठेवा आणि मोरीत सोडा. टब, जाळी, बादल्या, पॉवरहेड ब्लीचच्या पाण्यानं धुऊन, साध्या पाण्यानं दोनदा खंगाळून कडक उन्हात खडखडीत वाळवा. चुन्याच्या सिरिंज फेकून द्या, पुढच्या वेळी त्या आतून जाम झालेल्या असतात.